९८ वाटला, पण तो ८६ होता

एरवी मी इथे मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड अशा एखाद्या आजाराबद्दल लिहितो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आज यंत्रांच्या पडद्यांबद्दल आणि मोबाइलमधल्या बटणांबद्दल लिहिणार आहे. डॉक्टरचा त्याच्याशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. २०२१ सालापर्यंत मलाही तसंच वाटायचं.

त्या वर्षीचा एप्रिल महिना. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. साताऱ्यात बेड मिळत नव्हते, त्यामुळे ज्यांना शक्य होतं त्यांच्यावर घरीच उपचार चालू होते. माझ्या जुन्या पेशंट असलेल्या एक आजी, वय ७४, त्यांपैकीच. त्यांच्या मुलाचं किराणा दुकान आहे. त्याला मी सांगून ठेवलं होतं, "बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर आणा, सकाळ-संध्याकाळ आकडा मला कळवा. ९४च्या खाली गेला की रात्र असो वा दिवस, फोन करायचा." तो नेमाने कळवायचा. ९७, ९६, ९७. सहाव्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला, "ऑक्सिजन ९८, नाडी ९६." मी अंगठा दाखवला आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. त्या दिवसांत माझ्या फोनवर असे शंभरेक निरोप यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ९८. पण मला आजींशी दोन शब्द बोलायचे होते म्हणून मी फोन लावला. आजी "बरं आहे" म्हणाल्या आणि थांबल्या. "फक्त… थकवा" म्हणाल्या आणि पुन्हा थांबल्या. माणूस दोन शब्दांवर दम घेत असेल आणि ऑक्सिजन ९८ असेल, हे काही जुळेना. मी मुलाला म्हटलं, "आता यंत्र लावा आणि आकडा सांगू नका, फोटो पाठवा."

फोटो आला. ९८ आणि ९६. पण आकड्यांशेजारची बारीक इंग्रजी अक्षरं उलटी दिसत होती. मी माझा फोन हातात गोल फिरवला. आकडा ८६ होता.

यंत्रावरचे आकडे इंग्रजी असतात. इंग्रजी सहा उलटा केला की नऊ दिसतो आणि आठ उलटा केला तरी आठच राहतो. त्यामुळे ८६ हा आकडा डोक्याच्या बाजूने पाहिला तर बरोबर ९८ दिसतो. नाडीचा ९६ उलटा केला तरी ९६च दिसतो. म्हणजे शंका यावी असं काहीही पडद्यावर उरत नाही. पहिले पाच दिवस आजी खुर्चीत बसून यंत्र लावत होत्या आणि मुलगा समोरून वाचत होता. सहाव्या दिवशी त्या झोपून होत्या, तो उशाशी बसला होता. एवढाच काय तो फरक.

बेड मिळायला आणखी सहा-सात तास गेले. आजी अकरा दिवस ऑक्सिजनवर होत्या. नशिबाने आणि तिथल्या सिस्टरांच्या मेहनतीने त्या घरी परतल्या. आदल्या संध्याकाळपासूनचे पंधरा तास मात्र आम्ही फुकट घालवले होते. त्या पंधरा तासांत काय होऊ शकलं असतं, हे मी दुसऱ्या घरांत पाहिलं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. फोटो पाहिल्यावर मी त्या मुलाला काय म्हणालो? मी ओरडलो. "अहो, दिवसभर दुकानात हिशोब करता ना? साधा आकडा सरळ वाचता येत नाही?" पलीकडून काही उत्तर आलं नाही.

भाच्याने विचारलेला प्रश्न

माझा भाचा पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याच्या कामाचं नाव 'यूएक्स डिझाइन'. हे नक्की काय काम असतं, हे मी त्याला आधी कधी विचारलंही नव्हतं. चित्रं काढत असेल, रंग ठरवत असेल, असा माझा समज. त्या वर्षी गणपतीला तो घरी आला होता. जेवताना मी ही ८६ची गोष्ट सांगितली. लोक किती निष्काळजी असतात, हा माझा सूर होता.

तो म्हणाला, "मामा, ते यंत्र किती लोकांच्या घरात असेल?"

"असेल लाखोंच्या."

"आणि ते बोटाला लावल्यावर पडदा कोणत्या बाजूने पाहायचा, हे त्यावर कुठे ठळक लिहिलंय का?"

मी आतून माझं ऑक्सिमीटर आणलं. नव्हतं लिहिलं. शिवाय त्याचं बटण एकदा दाबलं की आकडे चालू व्हायचे आणि पुन्हा दाबलं की आकड्यांची दिशाच बदलायची. ही सोय म्हणून दिलेली होती. पण चुकून बटण दाबलं गेलं तर सरळ धरलेल्या यंत्रावरही आकडे उलटे दिसणार. ऑक्सिजनचा आणि नाडीचा आकडा एकाच आकाराचे, एकाच रंगाचे. कोणता कशाचा, हे सांगणारी अक्षरं मुंगीएवढी. चष्मा लावूनही मला नीट दिसत नव्हती.

"मग सांगा," तो म्हणाला, "दुकानदार निष्काळजी होता की हे बनवणारा?"

मी वाद घातला. डॉक्टर लोक वाद घालतातच. पण रात्री झोप लागेना. गेल्या तीस वर्षांत "साधं एवढं कळत नाही?" हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, ते आठवत पडून राहिलो.

चाकाची दांडी आणि पंखाची दांडी

दुसऱ्या दिवशी भाच्याने मला एक जुनी हकिगत सांगितली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ नावाची बॉम्बफेकी विमानं होती. धावपट्टीवर सुखरूप उतरल्यानंतर काही वैमानिक चुकीची कळ ओढायचे. पंखाच्या मागची फळी म्हणजे फ्लॅप आत घ्यायची, त्याऐवजी चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. अहवालात कारण लिहिलं जायचं, 'वैमानिकाची चूक'.

अल्फॉन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विमानाच्या आत जाऊन पाहिलं. चाकाची आणि फ्लॅपची कळ शेजारी शेजारी होत्या आणि दिसायला सारख्या. दमलेला माणूस, अंधार, घाई, हातमोजे. हात चुकणारच. त्याने वैमानिकांना व्याख्यान दिलं नाही. चाकाच्या कळीला रबराचं छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. हाताला स्पर्श झाला की कळायचं. आजही प्रवासी विमानांत चाकांच्या दांडीचं टोक चाकासारखंच असतं. पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या नावावर लावलेल्या ४६० चुका तपासल्या. त्यांतला सगळ्यात मोठा गट एका कळीऐवजी दुसरीला हात लागण्याचा होता.

डोनाल्ड नॉर्मन या अभ्यासकाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर पुस्तक लिहिलं, तेही याच धाग्यावर. दार ओढायचं की ढकलायचं हे कळत नसेल, तर दोष दाराचा. 'यूजर एक्सपीरियन्स' हा शब्द रूढ करण्यात त्यांचाच मोठा वाटा. १९९३च्या सुमारास ते अ‍ॅपल कंपनीत गेले, तेव्हा त्यांच्या पदाच्या नावातच हा शब्द होता. भाच्याच्या कामाचं नाव तिथून आलं.

आमच्या वैद्यकीय क्षेत्रातली गोष्ट याहून भयंकर आहे. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार देणारं, संगणकावर चालणारं यंत्र होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात मिळून सहा पेशंटना त्यातून प्रचंड जास्त किरणं बसली. किमान तिघे त्यामुळे दगावले. मूळ दोष सॉफ्टवेअरमध्ये होता आणि धोका झाला तर यंत्र आपोआप बंद पाडणारी जुनी यांत्रिक व्यवस्था काढून टाकलेली होती. पण पडद्याचाही वाटा होता. टेक्सासमधल्या एका घटनेत ऑपरेटरला पडद्यावर 'मॅलफंक्शन ५४' एवढंच दिसलं. याचा अर्थ काय, हे तिला कळेल अशा भाषेत कुठेच नव्हतं. असे निरोप त्या यंत्रावर वरचेवर यायचे आणि एक कळ दाबली की उपचार पुढे चालू व्हायचा. तिने नेहमीप्रमाणे ती कळ दाबली. आतल्या खोलीतल्या माणसाला दुसऱ्यांदा मार बसला.

हे ऐकताना मनात आलं, मी अशी चूक केली नसती. मग मला माझाच एक प्रसंग आठवला.

लाल चौकट

माझ्या दवाखान्यात प्रिस्क्रिप्शन संगणकावर लिहिलं जातं. दोन औषधं एकमेकांशी जुळत नसतील तर सॉफ्टवेअर लाल चौकट दाखवतं. चांगली सोय आहे. पण ते सॉफ्टवेअर पॅरासिटॅमॉल लिहिलं तरी चौकट दाखवायचं, अँटासिड लिहिलं तरी दाखवायचं. दिवसाला पन्नास चौकटी. सगळ्या एकाच लाल रंगाच्या, एकाच आकाराच्या. मी वाचायचं सोडून दिलं होतं. बोट आपोआप 'ओके'वर जायचं.

एकदा कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्या एका गृहस्थांना मी छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं. हे दुसरं औषध पहिल्याचं रक्तातलं प्रमाण वाढवतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. चौकट आली असणारच. मी 'ओके' दाबलं असणारच. मला आठवतसुद्धा नाही. खालच्या मेडिकलवाल्यांचा फोन आला, "सर, हे दोन्ही एकत्र द्यायचंय का?" तेव्हा भानावर आलो आणि औषध बदललं.

त्या दिवशी माझ्यावर कोणी ओरडलं नाही. मेडिकलवाले अदबीने बोलले. पेशंटला तर कळलंही नाही. एमडी झालेला, तीस वर्षं प्रॅक्टिस केलेला माणूस लाल अक्षरं न वाचता पुढे गेला, तेव्हा सगळ्यांनी कामाच्या ताणाला दोष दिला. दुकानदाराकडून आकडा उलटा वाचला गेला, तेव्हा मी त्याच्या अकलेवर बोललो. त्याची आई समोर धापा टाकत होती आणि तो सहा रात्री झोपला नव्हता. ताण कोणावर जास्त होता?

दवाखान्यातला एक दिवस

दिवाळीत मी भाच्याला म्हटलं, "एक दिवस माझ्या दवाखान्यात बस आणि काय चुकतंय ते सांग." तो वेटिंगमध्ये कोपऱ्यात वही घेऊन बसला. मला वाटलं होतं तो संगणक उघडेल. त्याने संगणकाला हातही लावला नाही. दिवसभर फक्त लोकांकडे पाहत होता.

तेव्हा आम्ही नुकतंच वेळ घेण्याचं एक अ‍ॅप सुरू केलं होतं. लोक ते नीट वापरत नाहीत, ही आमच्या रिसेप्शनच्या ताईंची रोजची तक्रार. भाच्याने वेटिंगमधल्या पाच जणांना एकेक करून विचारलं, "काका, या फोनवरून उद्याची वेळ घेऊन दाखवता का? आणि मनात जे येईल ते मोठ्याने बोलत राहा." बस, एवढीच त्याची तपासणी. मदत करायची नाही, शिकवायचं नाही, नुसतं पाहायचं. मी म्हटलं, पाचच जण? तो म्हणाला, याकोब निल्सन नावाच्या तज्ज्ञाने दाखवून दिलंय की पाच माणसं नीट पाहिली तरी बहुतेक मोठ्या अडचणी सापडतात, कारण सगळे त्याच त्या जागी ठेचकाळतात.

आणि खरंच तसं झालं. जन्मतारीख भरायच्या जागी कॅलेंडर उघडायचं आणि ते आजच्या महिन्यावर उघडायचं. मागे जायला एक बारीक बाण. ७४ वर्षांच्या माणसाने आपल्या जन्माच्या महिन्यापर्यंत जायचं तर तो बाण ८८८ वेळा दाबायला हवा. एका काकांनी वीसेक वेळा दाबला, मग म्हणाले, "जाऊ दे, मी आजच जन्मलो." आमच्या यादीत शून्य वर्षं वयाचे इतके पेशंट का आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांना लहान मुलं समजत होतो!

दुसरी अडचण हसण्यासारखी नव्हती. घेतलेली वेळ रद्द करायला गेलं की अ‍ॅप इंग्रजीत विचारायचं, "तुम्हाला नक्की कॅन्सल करायचं आहे का?" आणि खाली दोन बटणं, 'कॅन्सल' आणि 'ओके'. आता सांगा, रद्द करायचं तर कोणतं दाबायचं? एका निवृत्त गुरुजींची वेळ अशीच गेली होती. चुकून रद्दच्या पानावर गेलेले गुरुजी आपली वेळ राहावी म्हणून 'ओके' दाबून बसले. ते रिक्षा करून आले, तर त्यांचं नाव यादीत नाही. रक्त पातळ करायचं औषध चालू असलेला माणूस, तपासणी आठ दिवस पुढे गेली. ताईंनी त्यांना सुनावलं होतं, "गुरुजी, तुम्हीच कॅन्सल केलंत." मला आठवतंय, गुरुजी माफी मागून गेले होते.

संध्याकाळी भाच्याने माझ्याच छापील प्रिस्क्रिप्शनकडे बोट दाखवलं. "मामा, हे एसओएस म्हणजे काय?" मी म्हटलं, गरज लागली तरच घ्यायचं. तो म्हणाला, "बाहेर चौघांना विचारलं. एक म्हणाले शनिवारी घ्यायचं. एक म्हणाल्या, औषधाच्या कंपनीचं नाव असेल."

आम्ही बदल केले. त्यात मोठं काही नव्हतं. अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या मागे लागून दोन महिन्यांनी बटणं बदलून घेतली. आता 'वेळ रद्द करा' आणि 'वेळ राहू द्या' अशी मराठीत दोन बटणं आहेत. जन्मसाल थेट टाईप करता येतं. प्रिस्क्रिप्शनवर 'सकाळी नाश्त्यानंतर', 'दुखलं तरच' असं मराठीत छापून येतं. लाल चौकट आता फक्त गंभीर धोक्यालाच येते, बाकीच्या सूचना बाजूला करड्या अक्षरांत. आता चौकट आली की माझा हात थांबतो.

तुमच्या घरातली यंत्रं

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की आज घरोघरी दोन-तीन तरी आरोग्याची यंत्रं असतात. यंत्रं तुम्ही-आम्ही बनवत नाही. ती सुधारतील तेव्हा सुधारतील. तोपर्यंत त्यांच्या खोड्या माहीत असलेल्या बऱ्या. माझ्या पेशंटकडून मी शिकलेल्या या गोष्टी.

१. ऑक्सिमीटर: आधी अक्षरं सरळ दिसतात का ते पाहा, मग आकडा वाचा. '%' हे चिन्ह किंवा 'एसपीओटू' अशी अक्षरं असतील तो ऑक्सिजन, 'पीआर' किंवा हृदयाचं चित्र असेल ती नाडी. नेलपॉलिशने त्याच आकड्याखाली 'ऑ' आणि 'ना' लिहून ठेवलंत तरी चालेल. (बोटाला मात्र नेलपॉलिश नको, त्याने आकडा चुकू शकतो.)

२. ग्लुकोमीटरचं एकक: आपल्याकडे साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, इंग्लंडसारख्या देशांत मिलिमोलमध्ये. एका काकांच्या मुलाने इंग्लंडहून यंत्र आणलं होतं. काका आनंदात सांगायचे, "साखर ११२." प्रत्यक्षात पडद्यावर ११.२ होतं, टिंब दिसत नव्हतं. ११.२ला १८ने गुणलं की आपल्या हिशोबात जवळजवळ २०२ होते. काकांची साखर महिनोन्महिने वाढलेली होती आणि ते खुशीत होते. परदेशातून आलेलं यंत्र एकदा डॉक्टरांना दाखवाच.

३. ग्लुकोमीटरवरची 'एच-आय' आणि 'एल-ओ' ही अक्षरं: पहिलं वाचून एका ताईंना वाटलं यंत्र 'हाय' म्हणतंय. दुसरं एका आजोबांना १० वाटलं. 'एच-आय' म्हणजे साखर यंत्राच्या मोजण्यापलीकडे, बहुतेक यंत्रांत ६००च्या वर. हात धुऊन पुन्हा तपासा आणि तेच आलं तर लगेच डॉक्टर गाठा. 'एल-ओ' म्हणजे बहुतेक यंत्रांत २०च्या खाली. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना.

४. थर्मामीटर: काही यंत्रांवर बटण दाबलं की फॅरेनहाइटचं सेल्सिअस होतं. ३९.२ पाहून एका आईला वाटलं, ९८च्या कितीतरी खाली आहे, म्हणजे ताप नाही. ३९.२ सेल्सिअस म्हणजे १०२.५च्या वर ताप! आकडा तीस-चाळीसच्या घरात दिसला तर ते सेल्सिअस आहे आणि ३८ला ताप आलाय असं समजा.

५. रक्तदाबाचं यंत्र: चालू करताच दिसणारा आकडा कधीकधी आधीच्या वेळचा, साठवलेला असतो. पडद्यावर 'एम' अक्षर असेल तर तो जुना. पट्टा फुगून हवा पूर्ण गेल्यावर येतो तो आजचा. दोघे जण एकच यंत्र वापरत असाल तर आकडे वहीत नावासकट लिहा.

६. आकडा कळवू नका, फोटो पाठवा: आणि फोटोत पूर्ण पडदा येऊ द्या, अक्षरांसकट. हा नियम मी त्या एप्रिलनंतर सगळ्यांना केला आहे.

यंत्राचा आकडा आणि समोरचा माणूस जुळत नसेल, तर माणसावर विश्वास ठेवा. आजी दम खात होत्या. यंत्र ९८ म्हणत होतं. खरं आजी सांगत होत्या.

आणि घरातल्या तरुण मंडळींना एक विनंती. आई-बाबांना नवं अ‍ॅप, नवं यंत्र दिलंत की एकदा त्यांच्या शेजारी बसा आणि काही न शिकवता ते कसं वापरतात ते पाहा. ते कुठे अडखळतात ते लक्षात घ्या. "एवढं सोपं आहे, कळत कसं नाही?" हे वाक्य मात्र गिळा. ते एकदा ऐकलं की माणूस पुढच्या वेळी अडचण सांगत नाही, लपवतो. दवाखान्यात "हो हो, कळलं" म्हणून जाणारे आणि घरी चुकीची गोळी घेणारे कितीतरी लोक मी असेच तयार केले असणार.

आजी आता दर तीन महिन्यांनी रक्तदाब दाखवायला येतात. मुलगा बरोबर असतो. अजूनही कोणताही आकडा सांगायच्या आधी तो फोन एकदा सरळ आणि एकदा उलटा करून पाहतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग लक्षात आलं, हे माझ्या त्या वाक्यामुळे आहे.

गेल्या खेपेला आजी आत रक्त द्यायला गेल्या तेव्हा मी त्याला म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोललो. चूक तुमची नव्हती. ते यंत्रच तसं होतं. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच वाचलं असतं."

तो थोडा वेळ फरशीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मी घरात हे कोणाला सांगितलंच नव्हतं. आईला अजून माहीत नाही."

इतकी वर्षं तो ते एकटाच घेऊन फिरत होता. मी आणखी काय बोलणार? आजी बाहेर आल्या, आम्ही तिघांनी चहा घेतला.

पुढच्या वेळी तपासणीला याल तेव्हा घरातली यंत्रं पिशवीत घालून घेऊन या. आपण दोघे मिळून ती एकदा वाचू.